वाणात वाटलेली सरकपट्टी

शैलजा खडतकरला सरळ रेघ दिसली की बरं वाटायचं आणि वाकडी दिसली की ती पुसून पुन्हा काढल्याशिवाय राहवायचं नाही. नागपुरात धंतोलीतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ती अकरा वर्षं ड्राफ्ट्समन होती. बाई असली तरी हुद्दा ड्राफ्ट्समनच. साहेब सिगरेटच्या पाकिटामागे काहीतरी खरडून आणायचे, "शैलजाबाई, बघा बरं याचं काय होतं," म्हणायचे, आणि चार दिवसांत त्या खरडीचं जिन्या-मोरीसकट घर होऊन कागदावर उभं राहायचं. साहेबांच्या हिशेबात जिन्याची एक पायरी हटकून कमी पडायची. ती शैलजा भरून काढायची आणि खाली सही साहेब करायचे. तेव्हा तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

२००२ साली तिच्या नवऱ्याला, अतुलला, ह्यूस्टनमध्ये एका पाइपलाइनच्या कंपनीत नोकरी लागली आणि बिऱ्हाड टेक्सासात शुगर लँडला आलं. निघताना बॅगेच्या वजनात ड्रॉइंगचं सामान बसवायचं की प्रेशर कुकर, असा प्रश्न पडला. कुकर जिंकला. बोर्ड आणि समांतर रेघा मारायचा मिनी ड्राफ्टर तिने ऑफिसातल्या एका नव्या मुलीला देऊन टाकले आणि विमानात बसेपर्यंत तिघांना फोन करून विचारलं, ती नीट वापरते ना.

इथे आल्यावर कळलं की नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला राहता येतं, गाडी चालवता येते, लायब्ररीतून पुस्तकं आणता येतात. फक्त काम करता येत नाही. म्हणजे दुसऱ्याकडे नाही आणि स्वतःचंही नाही. कुणी दहा डॉलर देऊन नकाशा काढून मागितला तरी घेता येत नाहीत. अतुल म्हणाला, "अगं, मग आराम कर ना!" आता सदतीस डिग्री उन्हात, घामाने चिंब होऊन, चार मैलांवरच्या दुकानातून कोथिंबीर आणायची, याला जर कुणी आराम म्हणत असेल तर म्हणो बापडा. शैलजाने भाताच्या कुकरच्या शिट्ट्या मोजल्या, लेकीला शाळेत सोडलं-आणलं, आणि वर्षभरात तिची बोटं पेन्सिल धरायची विसरली की काय, अशी तिला भीती वाटायला लागली.

लेक नेत्रा सहावीत होती. ऑक्टोबर २००३ मध्ये तिला शाळेतून काम मिळालं, आपल्या घराचा नकाशा मापात काढून आणा. नेत्रा जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसली. पट्टी धरली की घसरायची, दोन समांतर भिंती पुढे जाऊन एकमेकींना भेटायच्या. तासाभराने पोरीने पट्टी फेकली आणि रडायला लागली. शैलजाने नकाशा पाहिला आणि तिला राहवेना. दुकानात जाऊन पाहिलं, तर समांतर रेघा मारायचे तयार बोर्ड होते, पण किंमत बघून दोघी मायलेकी तशाच मागे फिरल्या.

"थांब," शैलजा म्हणाली. "मी करते काहीतरी."

परीक्षेला नेतात तसलं क्लिपचं साधं पॅड तिने घेतलं. त्याच्या डाव्या कडेला प्लॅस्टिकची खाच असलेली पट्टी बसवली. लाकूड-सामानाच्या दुकानात आठ फुटी लांब मिळते ती, अगदी स्वस्तातली. बारा इंची पारदर्शक फूटपट्टीला काटकोनात एक पाय चिकटवला आणि तो पाय खाचेत सरकवला. झाली सरकपट्टी. पण कसली! पाय आखूड, त्यामुळे पट्टी डुगडुगायची. डावीकडे केसाएवढी ढिली असली की उजव्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढी चूक. पाय लांब केला, तर अडकून बसायची. घासून सैल केली, तर पॅड जरा मांडीवर तिरकं धरलं की पट्टी सुळकन खाली. पाच-सहा वेळा केलं, मोडलं. अतुल म्हणाला, "पंचवीस डॉलरचा डिंक गेला," तर तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पुन्हा महिनाभर डिंकाचं नाव काढलं नाही.

मग एक दिवस झाडू मारताना खुर्ची सरकवली, आणि ती आवाज न करता सरकली. फरशीवर ओरखडे पडू नयेत म्हणून अतुलने खुर्च्यांच्या पायांना जाड लोकरी फेल्टचे गोल चिकटवले होते. बाई झाडू टाकून खुर्ची उलटी करून बसली. फेल्टची एक चिंचोळी पट्टी कापून तिने खाचेच्या एकाच बाजूला आतून लावली, पाय चार बोटं लांब केला. सरकवली तर लोण्यासारखी सरकली, सोडली तर सोडली तिथे राहिली. मग फूटपट्टीच्या पोटाखाली दोन बारीक काड्या लावल्या, म्हणजे पट्टी कागदापासून केसभर वर राहील आणि पेन्सिल फिसकटणार नाही. खाचेच्या कडेवर पाव-पाव इंचाच्या खुणा, पायाला एक बारीक खोबणी. किती सरकवली ते तिथल्या तिथे वाचा, दुसरी फूटपट्टी लागत नाही.

नेत्राने एक रेघ मारली, पट्टी सरकवली, दुसरी मारली. "ओ माय गॉड आई, इट्स परफेक्ट!" मग शैलजाने स्वतः अख्खं घर काढलं, जिन्यासकट. पायऱ्या बरोबर भरल्या. ती उगाचच हसत बसली होती.

आठ फुटी पट्टीत आठ सरकपट्ट्या व्हायच्या, आणि हाताला चटक लागली होती. डिसेंबरभर बाई करतच सुटली. आणि मग आली संक्रांत.

शुगर लँडच्या मराठी बायकांचं हळदीकुंकू म्हणजे काय प्रकरण असतं, ते पाहिल्याशिवाय कळायचं नाही. गॅरेजच्या बाहेर गाड्यांची रांग, आत पैठण्या, आणि प्रत्येकीच्या घरी वाण म्हणून तेच ते डॉलरच्या दुकानातले प्लॅस्टिकचे डबे. डबे घरोघर फिरून फिरून मूळ मालकिणीकडे परत यायचे. शैलजाने ठरवलं, यंदा आपण आपल्या हातची वस्तू लुटायची. बेचाळीस सरकपट्ट्या, पॅडसकट. आणि आपल्याकडे स्टीलच्या भांड्यावर नाव-तारीख घालून देतात, तशी प्रत्येकीच्या मागच्या बाजूला तिने बारीक पेनाने, ड्रॉइंगच्या अक्षरात लिहिलं: सौ. शैलजा अतुल खडतकर, संक्रांत २००४.

बायका खूश. "अय्या, हे तू केलंस?" एकीने तर दहा आणखी मागितल्या, पैसे देते म्हणाली. शैलजाने दोन्ही हात जोडले. "नको गं बाई, व्हिसा जाईल. तशीच घे हवी तर." नियमाला इतकी घाबरून असलेली बाई. आणि शेवटी तिला नियमानेच खाल्लं.

पुढचं वर्ष तसंच गेलं. २००५ च्या वसंतात नेत्राने सरकपट्टी शाळेत नेली आणि तिच्या शिक्षिकेने आईला बोलावून घेतलं. "याचं पेटंट घ्या," ती म्हणाली. अमेरिकन माणूस हे कुणालाही म्हणतो, कुणी चांगलं लोणचं घातलं तरी म्हणतो. पण शैलजाच्या डोक्यात ते रुतून बसलं. तिने चौकशी केली. पेटंट घेणं म्हणजे काम करणं नव्हे! अर्ज कुणीही करू शकतं, कुठल्याही व्हिसावरचं. एवढ्या मोठ्या देशात तिला करायला परवानगी असलेली आणि करायची इच्छा असलेली अशी ही एकच गोष्ट निघाली.

मराठी मंडळातल्या सुलभाताई, पस्तीस वर्षांपूर्वी आलेल्या, सगळ्यांच्या मोठ्या बहीणच. त्यांचा मुलगा शिव इथेच जन्मलेला, ह्यूस्टनमध्ये पेटंटचा वकील. सुलभाताईंनी त्याला फर्मान सोडलं, "काकूंचं काम फुकट करायचं." शिव बिचारा गुणी. शनिवारी सकाळी आला, पोहे खाल्ले, सरकपट्टी दहा वेळा सरकवून पाहिली. "काकू, धिस इज रिअली क्लेव्हर. कोणी केलेलं नाही असं." मग त्याने वही काढली. "आता एक फॉर्मल प्रश्न. हे कधी विकलंय? किंवा बाहेर कोणाला दाखवलंय, पब्लिकली?"

"छे रे! विकायची मला परवानगी तरी आहे का? आणि बाहेर कोणाला दाखवणार? मी जाते कुठे? सगळं घरातल्या घरात."

शिवने तसं लिहून घेतलं.

आता खोटं ती बोलली नाही हो. बाहेर म्हणजे दुकान, प्रदर्शन, पेपर. दाराशी चपला काढून आलेल्या, कुंकू लावून घेऊन तिळगूळ खाऊन गेलेल्या बायका बाहेरच्या कशा? त्यांना पब्लिक कोण म्हणेल? तिच्या मनात ते आलंसुद्धा नाही. सुलभाताईंच्याही नाही, आणि त्यांच्या तर घरात ती वस्तू होती.

जुलैत अर्ज गेला. शिवने जिथे जिथे पिवळे कागद चिकटवले होते तिथे तिथे शैलजाने सह्या ठोकल्या, आनंदाच्या भरात एक अक्षर न वाचता. त्या दिवशी तिने श्रीखंड केलं. अतुलला म्हणाली, "अहो, तुम्हाला कळतंय का? नाव येईल. माझं. अकरा वर्षं मी पायऱ्या भरल्या आणि सही दुसऱ्याची. इथे आले तर तुमच्या नावाखालची एक ओळ. आता एक कागद असा असेल की ज्यावर दुसरं कुणी नाही." अतुल म्हणाला, "छान, छान," आणि श्रीखंड वाढून घेतलं. माणूस वाईट नाही तो. पण त्याला खरंच कळलं नव्हतं.

नोव्हेंबरात दिवाळी आली. शिव आईकडे फराळाला गेला. सुलभाताई ओट्याशी शंकरपाळे कापत होत्या, आणि सरकपट्टीने कापत होत्या! पोळी लाटून पॅडवर टाकायची, पट्टी सरकवायची, कातण फिरवायचं; सगळे शंकरपाळे एका मापाचे. "बघ, काकूंची कमाल," त्या कौतुकाने म्हणाल्या. शिवने हसत हसत ती उचलून उलटी केली. मराठी त्याला जेमतेम वाचता यायचं.

"आई, हे काय लिहिलंय?"

आईने वाचून दाखवलं. अगदी तारखेसकट. शिव खुर्चीत बसला तो बसलाच.

फोन शैलजाला सुलभाताईंनीच केला, रडत रडत. "शैलजा, माझ्या हातून काय झालं गं हे! मी कशाला ती मेली काढली! मी घासून टाकते ते अक्षर, रिमूव्हरने जातं. पण हा म्हणतो, मी बघितलंय, आता मला न बघितल्यासारखं करता येत नाही."

नियम असा होता, की वस्तू एकदा लोकांच्या हातात गेली, की त्या दिवसापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा. नंतर केलेला अर्ज बाद. संक्रांत २००४ ची, अर्ज जुलै २००५ चा. सहा महिन्यांनी हुकलं. पुढच्या संक्रांतीला वाटल्या असत्या तरी चाललं असतं. पण बाईला धीर कुठला!

पहिल्या धक्क्यात शैलजाने एक गोष्ट केली, जिची तिला पुढे फार लाज वाटली. तिने बायकांना फोन लावले. सगळ्या सरकपट्ट्या परत गोळा कराव्यात, असं काहीतरी तिच्या डोक्यात होतं. पहिली बाई आता जॉर्जियात अल्फारेटाला राहायला गेली होती. "अगं, ती होय! मी दर दिवाळीला तिच्यावर रांगोळीचे ठिपके काढते. अगदी बरोब्बर येतात!" दुसरी व्हर्जिनियात हर्नडनला. "माझ्या नवऱ्याने ऑफिसात नेली ती, सगळे विचारतात कुठून आणली." तिसरीने पुण्याच्या नणंदेला दिली होती. चौथीच्या मुलाने तिच्यावर सायन्स फेअरचे तक्ते काढून बक्षीस मिळवलं होतं. प्रत्येक बाई भरभरून बोलत होती. अकरा वर्षांत मिळाली नव्हती एवढी शाबासकी बाईला त्या एका दुपारी मिळाली, आणि प्रत्येक शाबासकीने तिचा जीव आणखी खाली जात होता. दिलेलं वाण परत दे असं म्हणायला तिची जीभ उचलेना. सातव्या फोननंतर तिने यादी फाडून टाकली.

शनिवारी शिव आला. पोह्यांना हात लावला नाही.

"काकू, तुम्ही त्या लेडीजना सांगितलं होतं का, की हे सीक्रेट आहे, कोणाला दाखवू नका?"

"हळदीकुंकवात?" शैलजा म्हणाली. एवढ्या दुःखातही तिला हसू फुटलं, आणि शिवही कसनुसा हसला.

"चूक माझी आहे," शिव म्हणाला. "मी नीट विचारायला हवं होतं. हळदीकुंकू, वाण, हे मला माहीतच नव्हतं. आय अॅम सो सॉरी." हातातला चमचा त्याने दहा वेळा उलटासुलटा केला. "एक रस्ता आहे. संक्रांतीनंतर तुम्ही हिच्यात काही नवीन केलं असेल, काहीही, एखादा स्क्रू, वेगळा पाय, तर तेवढ्यापुरता नवा अर्ज करता येईल. काही बदललंत का?"

शैलजाने आतून दोन सरकपट्ट्या आणल्या. एक नेत्राची, पहिली. दुसरी मागच्या महिन्यात केलेली. एकीवर एक ठेवल्या. केसाचा फरक नव्हता.

"आठवडा घ्या," शिव म्हणाला. "विचार करा."

विचार काय करायचा होता! बाई पुढचे चार दिवस जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून बसली. फेल्टऐवजी चाकं लावून पाहिली. पट्टी पळायला लागली. लोहचुंबक लावला, झटके देऊन थांबायला लागली. पाय आणखी लांब केला. पॅडच्या क्लिपला अडला. घट्ट करायला स्क्रू लावला. रेघेरेघेला स्क्रू पिळत बसायचं, मग सरकपट्टी कशाला म्हणायची तिला? प्रत्येक बदल ती करायची, एक रेघ मारायची, आणि रेघ बघून काढून टाकायची. सुधारायला जागाच नव्हती. जन्मात एक गोष्ट तिने संक्रांतीच्या आधीच पुरती बिनचूक केली होती, आणि आता तेच तिच्या मुळावर आलं होतं. चौथ्या दिवशी संध्याकाळी अतुल कामावरून आला, तर ती टेबलावर डोकं टेकून बसलेली.

"देवा, एखादी तरी चूक राहू द्यायची होतीस," ती म्हणत होती. "एखादी तरी."

अतुल बॅग हातात धरून तसाच उभा राहिला. "जाऊ दे गं," तो म्हणाला. "ग्रीन कार्ड आलं की तुला नोकरीच करता येईल. मग कशाला हवंय हे?" पण त्याच शरदात भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग कित्येक वर्षं लांबली होती, आणि ते तिच्याइतकंच त्यालाही माहीत होतं. शैलजाने टेबलावरचं डोकं उचललं नाही. ओरडली असती तर बरं, असं अतुलला वाटलं. तोसुद्धा मग खुर्ची ओढून तिच्याशेजारी नुसता बसला. करण्यासारखं दोघांपाशी काही नव्हतं.

रविवारी दुपारी शिव कागद घेऊन आला. अर्ज मागे घेण्याचा. एकच पान. या वेळी शैलजाने चष्मा लावला आणि वरपासून खालपर्यंत अक्षर न् अक्षर वाचलं. शेवटी सहीच्या वर चौकोन होते, सही करणारा कोण आहे त्यावर खूण करायची होती. पहिल्याच चौकोनापुढे छापलं होतं, इन्व्हेंटर. तिने तो शब्द पुन्हा एकदा वाचला. मग चौकोनात खूण केली, आणि खाली ड्रॉइंगच्या स्वच्छ मोठ्या अक्षरात आपलं नाव लिहून सही केली.

शिवने कागद उचलला. तो पाकिटात घालणार, तेवढ्यात ती म्हणाली, "शिव, याची एक झेरॉक्स मला आणून दे."

"काकू, हे विथड्रॉ केल्याचं लेटर आहे," तो हळूच म्हणाला. "हे ठेवून काय करणार?"

"असू दे रे," शैलजा म्हणाली. "मी कोण, ते लिहिलंय त्याच्यावर."